‘मिस्टरांना पाठवा’ या उत्तराची तक्रार: सी-व्हिजिल, महिला आयोग आणि पोलिस ठाण्याचं परीक्षण

पाण्याचा टँकर आठ दिवस का आला नाही, असं एखाद्या बाईने भर सभेत आमदारांना विचारलं आणि वरून ‘तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो’ असं उत्तर आलं, तर त्या उत्तरात शिवी नसते, अश्लील शब्द नसतो, आवाजही चढलेला नसतो. आजूबाजूचे चार जण हसतात, माईक पुढच्या माणसाकडे जातो. टँकरचं काय झालं, ते कोणालाच कळत नाही.

टीकेला उत्तर देताना पुढारी समोरच्या बाईच्या बाईपणाकडे वळला की दोन नुकसानं होतात. अपमान लगेच दिसतो. दुसरं नुकसान हळूहळू लक्षात येतं: विचारलेला प्रश्न त्या अपमानाखाली गाडला जातो. पुढचे आठ दिवस चर्चा चालते ती शब्दाची, खुलाशाची, माफीची. म्हणून तक्रारीच्या ज्या सरकारी सोयी आज आपल्या हातात आहेत, त्या इथे चार गोष्टींवर तपासल्या आहेत. तक्रार नोंदवणं किती सोपं, किती वेळात काही घडतं, नुसती शिवी पकडली जाते की बोलण्याचा सूरही, आणि मूळ प्रश्न पुन्हा टेबलावर येतो का. चौथी कसोटी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर एकही सोय पूर्ण उतरत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

सी-व्हिजिल ॲप

केंद्रीय निवडणूक आयोगाचं हे ॲप २०१८ साली आलं. त्या वर्षअखेरच्या विधानसभा निवडणुकांत ते वापरलं गेलं आणि २०१९ च्या लोकसभेला देशभर पोचलं. आचारसंहिता लागू असतानाच ते चालतं. लोकेशन चालू ठेवायचं, ॲपच्याच कॅमेऱ्याने जागेवर फोटो किंवा जास्तीत जास्त २ मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, प्रकार निवडायचा आणि ५ मिनिटांच्या आत पाठवायचा. गॅलरीतला आधीचा व्हिडिओ ते घेत नाही. नाव न देताही तक्रार करता येते, मात्र मग तिचं पुढे काय झालं याचा मागोवा मिळत नाही.

तक्रार गेली की १०० मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. ५ मिनिटांत जिल्हा नियंत्रण कक्ष ती भरारी पथकाकडे सोपवतो, १५ मिनिटांत पथक जागेवर पोचतं, ३० मिनिटांत पडताळणी होते आणि उरलेल्या ५० मिनिटांत निवडणूक निर्णय अधिकारी निर्णय देतात. हे कागदावरच राहिलेलं नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १५ मेपर्यंत ४ लाख २४ हजारांवर तक्रारी आल्या, ९९.९ टक्के निकाली निघाल्या आणि त्यांतल्या सुमारे ८९ टक्के १०० मिनिटांच्या मुदतीत निघाल्या, असं आयोगाने जाहीर केलं. सरकारी सेवेत असा वेग क्वचित दिसतो आणि त्याचं कौतुक मनापासून करायला हवं.

बोलण्याविरुद्धच्या तक्रारीसाठी मात्र हे ॲप जवळजवळ निरुपयोगी आहे. ते बांधलंय जागेवर टिकून राहणाऱ्या वस्तूंसाठी. बेकायदा होर्डिंग पथक येईपर्यंत तिथेच असतं, दारूचे खोकेही बहुधा असतात. २९ मार्च २०२४ पर्यंत आलेल्या ७९ हजारांवर तक्रारींपैकी ५८ हजार ५०० नुसत्या बेकायदा होर्डिंग-बॅनरच्या होत्या, यावरून ॲपचा खरा उपयोग कळतो. उच्चारलेलं वाक्य मात्र पथक येईपर्यंत हवेत विरलेलं असतं, सभा उठलेली असते आणि पुढाऱ्याची गाडी दुसऱ्या गावच्या रस्त्याला लागलेली असते.

दुसरी अडचण प्रकारांच्या यादीत आहे. पैसे वाटप, भेटवस्तू, दारू, शस्त्र दाखवणं, विनापरवाना वाहनं, धार्मिक तेढीची भाषणं यांना स्वतंत्र प्रकार आहेत. महिलांचा अपमान करणाऱ्या वक्तव्याला नाही. ते ‘इतर’मध्ये टाकावं लागतं आणि इतरमधलं वर्णन नीट लिहिलं नाही, तर पथकाला नेमकं काय पडताळायचं तेच समजत नाही. तिसरी अडचण कॅमेऱ्याची. असं वाक्य सांगून येत नाही. ते कानावर पडल्यावर ॲप उघडलं तर उशीर झालेला असतो, आणि आधीपासून चालू असलं तरी २ मिनिटांत उत्तर सापडतं, प्रश्न निसटतो.

एक चूक हमखास होते, ती टाळा. टीव्हीवर किंवा फोनवर चाललेली बाईट ॲपमधून टिपून पाठवली, तर लोकेशन जातं तुमच्या घराचं. पथक तिथे येतं, त्याला काही सापडत नाही आणि तक्रार बंद होते. सभेला स्वतः हजर असाल तरच हे ॲप वापरा, प्रश्नोत्तरं सुरू होण्याआधी उघडून ठेवा आणि वर्णनात नेमकं वाक्य, वक्त्याचं नाव आणि कोणत्या प्रश्नावर ते आलं एवढं तीन ओळींत लिहा.

बॅनरसाठी ५ पैकी साडेचार. बोलण्यासाठी १.

निवडणूक आयोगाकडे लेखी तक्रार

ही वाट संथ आहे, पण हिला वजन आहे. निवडणूक निर्णय अधिकारी, राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी किंवा थेट केंद्रीय आयोग, तिघांपैकी कोणाकडेही पत्र देता येतं. आधार दोन घ्यावेत. आदर्श आचारसंहितेच्या पहिल्या भागातला दुसरा परिच्छेद सांगतो की टीका पक्षाच्या धोरणांवर, कार्यक्रमावर, पूर्वीच्या कामगिरीवर असावी आणि सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलू नये. दुसरा आधार आयोगाने १ मार्च २०२४ रोजी काढलेल्या सूचनापत्राचा: स्त्रियांच्या सन्मानाला आणि प्रतिष्ठेला बाधक ठरेल असं कृत्य किंवा उद्गार पक्षांनी आणि उमेदवारांनी टाळावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नुसतं ‘आचारसंहितेचा भंग झाला’ असं मोघम लिहिलेलं पत्र फाइलमध्ये पडून राहतं. या दोन्हींचा नेमका उल्लेख असेल तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

वेळ किती लागतो? एप्रिल २०१९ मध्ये समाजवादी पक्षाचे आझम खान यांना जयाप्रदा यांच्याबद्दलच्या वक्तव्यासाठी ७२ तास प्रचारबंदी झाली, ती वक्तव्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला. पण त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात आयोगाच्या अधिकारांबद्दल विचारणा झाली होती, हे लक्षात ठेवायला हवं. २०२४ मध्ये काँग्रेसचे रणदीप सुरजेवाला यांना हेमा मालिनी यांच्याबद्दलच्या वक्तव्यावर ९ एप्रिलला नोटीस गेली आणि १६ एप्रिलला ४८ तासांची बंदी आली. भाजपचे अभिजित गंगोपाध्याय यांनी ममता बॅनर्जींबद्दल जे म्हटलं त्यावर १७ मेला नोटीस, २१ मेला २४ तासांची बंदी. ममता बॅनर्जी आणि कंगना राणावत यांच्याबद्दलच्या वक्तव्यांवर भाजपचे दिलीप घोष आणि काँग्रेसच्या सुप्रिया श्रीनेत यांना २७ मार्चला नोटिसा गेल्या आणि १ एप्रिलला आयोगाने दोघांची निर्भर्त्सना केली. म्हणजे नोटिशीपासून साधारण ४ ते ७ दिवस. पक्ष वेगवेगळे, चाकोरी तीच.

शिक्षा तासांत मोजली जाते, हा या सोयीचा कमकुवत भाग. आझम खान रामपूरमधून निवडून आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लोकसभेत पीठासीन असलेल्या रमा देवींना उद्देशून केलेल्या शेरेबाजीसाठी त्यांना माफी मागावी लागली. त्याहून कडक पाऊल उचललं की कायद्याचा प्रश्न येतो. २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या पोटनिवडणुकांच्या वेळी भाजपच्या उमेदवार इमरती देवींबद्दल काँग्रेसच्या कमलनाथ यांनी वापरलेल्या ‘आयटम’ या शब्दावरून वाद पेटलेला असताना, आचारसंहितेचा वारंवार भंग केल्याबद्दल आयोगाने कमलनाथ यांचा स्टार प्रचारकाचा दर्जा ३० ऑक्टोबरला काढला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २ नोव्हेंबरला, मतदानाच्या आदल्या दिवशी, स्थगिती दिली.

आणि आचारसंहिता उठली की दुकान बंद. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा धरून आचारसंहिता चार महिन्यांच्या आसपास होती. उरलेले आठ महिने याच तोंडांतून हीच वाक्यं निघाली, तरी आयोगाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. महापालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ती स्वतंत्र संस्था आहे, तेव्हा नगरसेवकपदाच्या उमेदवाराविरुद्धचं पत्र केंद्रीय आयोगाकडे धाडून आठवडा घालवू नका.

५ पैकी ३.

राज्य महिला आयोग आणि राष्ट्रीय महिला आयोग

वर्षभर उघडी असलेली आणि बोलण्याच्या सुराची दखल घेऊ शकणारी ही एकमेव सोय. राष्ट्रीय आयोग १९९० च्या कायद्याने १९९२ मध्ये आला, महाराष्ट्राचा १९९३ मध्ये. आयोगाला स्वतःहून दखल घेता येते. चौकशी करताना समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं, शपथेवर जबाब घेणं असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार त्याच्याकडे असतात. शिक्षा करण्याचा अधिकार नाही. तो खुलासा मागतो आणि पोलिसांना किंवा सरकारला कारवाई करायला सांगतो, इथे त्याची हद्द संपते.

महाराष्ट्रातलं सर्वांत बोलकं प्रकरण मे २०२२ चं. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणावरून सरकार आणि विरोधक भांडत होते. त्या वादात भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला. या वाक्यात अश्लील काही नव्हतं. निवडणूक नसल्याने निवडणूक आयोगाचा प्रश्न नव्हता, आणि पोलिसांत कलम लावायला जागा नव्हती. राज्य महिला आयोगाने मात्र नोटीस पाठवून खुलासा मागितला आणि पाटील यांनी काही दिवसांतच आयोगाला पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. शिवी नसलेल्या उत्तराची अधिकृत नोंद झाली, ही या सोयीची जमेची बाजू. पण आरक्षणाच्या आकडेवारीवर काय उत्तर होतं? नोटिशीत तो प्रश्न नव्हता, म्हणून खुलाशातही तो येण्याचं कारण नव्हतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मंत्री अब्दुल सत्तार यांचं प्रकरण झालं, ते थेट शिवीचं. ‘पन्नास खोके’, म्हणजे बंडखोर आमदारांनी प्रत्येकी पन्नास कोटी घेतले, या आरोपावर प्रतिक्रिया विचारल्यावर त्यांनी सुप्रिया सुळे यांच्याबद्दल कॅमेऱ्यासमोर अपशब्द वापरला. राज्य महिला आयोगाने पोलिस महासंचालकांना पत्र लिहून कारवाई करायला सांगितली. सत्तार यांनी नंतर खेद व्यक्त केला, पण महिलांची मनं दुखावली असतील तर, अशा अटीवर. खोक्यांचा आरोप खरा की खोटा, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

ही ‘असतील तर’ची माफी नीट पाहण्यासारखी आहे. मराठीत ‘मी चुकलो’ हे दोन शब्दांचं, कर्त्यासकट वाक्य आहे. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे’ या वाक्यात चूक करणारा कर्ताच नाही, दुखावलेलं कोणी आहे की नाही हेही ‘तर’वर सोडलेलं आहे. ‘आमच्या ग्रामीण भागात असं बोलतात’ हा खुलासा तर गावातल्या बायकांवर दुहेरी अन्याय करतो, कारण हे बोलणं त्यांनाही तितकंच लागतं. आयोगाने असा खुलासा स्वीकारून प्रकरण मिटवलं, तर तक्रारदाराने पुन्हा लिहून विचारायला हवं: खुलाशात वक्त्याने कोणतं वाक्य मागे घेतलं?

सूर ओळखण्याच्याही काही खुणा आहेत आणि त्या तक्रारीत लिहिता येतात. पहिली खूण संबोधनाची. ‘ताई’ हा शब्द आपल्या राजकारणात आदरानेच वापरला जातो, नुसत्या त्या शब्दावर तक्रार टिकत नाही. पण त्याच पत्रकार परिषदेत पुरुष वार्ताहरांना ‘तुम्ही’ आणि महिला वार्ताहराला ‘तू’, हा बदल रेकॉर्डिंगवर स्पष्ट ऐकू येतो आणि तो मिनिट-सेकंदासह दाखवता येतो. दुसरी खूण, उत्तरात कपडे, टिकली, लग्न, मूल, स्वयंपाक, नवरा यांपैकी काही आलं का, आणि प्रश्नाचा त्याच्याशी काही संबंध होता का. तिसरी, हाच प्रश्न त्या पुढाऱ्याला आधी एखाद्या पुरुषाने विचारला असेल तर त्याला काय उत्तर मिळालं होतं. अशी दोन उत्तरं शेजारी शेजारी लावता आली, तर तक्रार कितीतरी भक्कम होते. ‘ती फार चिडकी आहे’, ‘भावनेच्या भरात बोलतायत’ अशी वाक्यं एकेकटी सोज्वळ वाटतात. तुलनेत ठेवली की उघडी पडतात.

राष्ट्रीय आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करताना तीन गोष्टींनी ती फेटाळली जाते आणि तिन्ही लोक सर्रास करतात. निनावी किंवा मोघम तक्रार घेत नाहीत. दुसऱ्याच कार्यालयाच्या नावे लिहिलेल्या पत्राची ‘प्रत माहितीसाठी’ पाठवलेली तक्रार म्हणून धरत नाहीत. आणि राज्य आयोगाकडे किंवा न्यायालयात विषय चालू असेल तर हात लावत नाहीत. तेव्हा एकाच वेळी चारही दिशांना एकच पत्र पाठवण्याने काम जोरात होईल ही समजूत चुकीची आहे. राज्यातल्या पुढाऱ्याविरुद्ध आधी राज्य आयोगाकडेच जावं.

आयोगाचा मोठा दोष त्याच्या रचनेत आहे. अध्यक्ष सरकार नेमतं. महाराष्ट्रात विजया रहाटकर या भाजपच्या महिला मोर्चाच्या राष्ट्रीय अध्यक्ष असताना आयोगाच्या अध्यक्ष होत्या आणि रूपाली चाकणकर नेमल्या गेल्या तेव्हा राष्ट्रवादीच्या महिला आघाडीच्या प्रदेशाध्यक्ष होत्या. त्यामुळे नोटीस निघाली की कोणाच्या पुढाऱ्याला निघाली हे आधी मोजलं जातं आणि खऱ्या नोटिशीचंही मोल घटतं. त्याहून वाईट म्हणजे रहाटकर यांच्या राजीनाम्यानंतर फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ अध्यक्षपद रिकामं होतं. टाळेबंदीच्या काळात, बायकांना या दाराची सगळ्यांत जास्त गरज असताना, वीस महिने इथे कोणी बसलेलं नव्हतं. ही चूक कोणत्याही सरकारला माफ करण्यासारखी नाही.

५ पैकी साडेतीन. अध्यक्षपद भरलेलं असेल तर.

पोलिस ठाणं

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ लागू आहे, जुन्या भारतीय दंडसंहितेचं ५०९. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द, आवाज किंवा हावभाव त्यात येतो आणि ३ वर्षांपर्यंत साधी कैद व दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आहे, जामीनपात्रही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या प्रचारात, उमेदवार शायना एन. सी. यांच्याबद्दल ‘माल’ हा शब्द वापरल्यावरून खासदार अरविंद सावंत यांच्यावर मुंबईतल्या नागपाडा ठाण्यात गुन्हा दाखल झाला, त्यात हेच कलम होतं. सावंत यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

या कलमाची मर्यादा शब्दांतच आहे: विनय आणि हेतू. ‘घरी जा’, ‘मिस्टरांना पाठवा’ हे त्यात बसत नाही आणि बसवायचा हट्ट धरू नये, तक्रार कोसळते. लैंगिक अर्थाचा शब्द, चारित्र्यावरचा शेरा, अश्लील हावभाव असेल तरच ठाण्याची पायरी चढा.

जाताना हे माहीत असू द्या. माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. स्वतः त्या महिलेने माहिती दिली तर ती महिला पोलिस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. शिक्षा ३ वर्षांची असल्याने ठाणेदार उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतो. ‘आधी चौकशी करतो’ हे उत्तर म्हणूनच दरवेळी टाळाटाळ नसतं, पण परवानगी घेतली का आणि १४ दिवस कधी संपतात, हे लेखी विचारा. गुन्हा नोंदवलाच नाही तर तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांना, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. गुन्हा नोंदवला तर त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

प्रत्यक्षात काय होतं याचं उदाहरण बदलापूरचं. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या अत्याचाराच्या बातम्या देणाऱ्या महिला पत्रकाराला एका माजी नगराध्यक्षांनी, जणू अत्याचार तुझ्यावरच झाल्यासारख्या बातम्या देतेस, अशा अर्थाचं सुनावलं. बातमीवरच्या नाराजीतून दिलेलं यापेक्षा हिडीस उत्तर शोधून सापडणार नाही. तरीही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी ठाण्यात ठिय्या द्यावा लागला. मग न्याय संहितेसोबत ॲट्रॉसिटीचीही कलमं लागली. कायदा तोच, कलम तेच, पण पाठीशी माणसं नसती तर कागद हलला असता का, हा प्रश्न उरतोच.

५ पैकी अडीच.

सभागृहात बोललेलं

विधिमंडळात उच्चारलेल्या शब्दाबद्दल संविधानाच्या अनुच्छेद १९४ मुळे न्यायालयात जाता येत नाही आणि सामान्य माणसाला तिथे तक्रारीची खिडकी नाही. पीठासीन अधिकारी शब्द कामकाजातून काढतात किंवा सदस्याला निलंबित करतात. जुलै २०२४ मध्ये शिवीगाळीवरून विधान परिषदेचे तत्कालीन विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांना ५ दिवसांसाठी निलंबित केलं गेलं, पुढे ते ३ दिवसांवर आलं. वेग उत्तम, पण दार आतून बंद.

ग्रामपंचायतीची दुर्लक्षित वाट

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे असली उत्तरं सर्वांत जास्त ग्रामसभेतच ऐकावी लागतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली सरपंच, उपसरपंच किंवा सदस्याला कर्तव्यातल्या गैरवर्तनासाठी किंवा लांच्छनास्पद वर्तनासाठी पदावरून काढता येतं. निर्णय विभागीय आयुक्तांचा, चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत. इथे एकट्या वाक्यावर पद जात नाही. पण ग्रामसभेचं इतिवृत्त हा पुरावा आहे. वाक्य उच्चारल्यावर तिथल्या तिथे उभं राहून ‘हे इतिवृत्तात घ्या’ असं म्हणा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीचा ग्रामसेवक) घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. असे तीन-चार प्रसंग जमले की वर्तनाचा नमुना दाखवता येतो. आमदार-खासदारांना लागू होईल असं काही या कायद्यात नाही, हीच मोठी उणीव.

तक्रारीला काय जोडायचं

कुठेही जा, पुड्यात या वस्तू हव्यात. पूर्ण, न कापलेला व्हिडिओ, प्रश्न सुरू होण्याच्या किमान एक मिनिट आधीपासून. १५ सेकंदांची व्हायरल क्लिप जोडली तर ‘संदर्भ तोडून दाखवलं’ हा बचाव आयता मिळतो. कागदावर शब्दशः उतारा, वेळेसकट, हिंदी-इंग्रजी शब्द होते तसे. लिंक दिली तरी फाइल उतरवून ठेवा, लिंक रात्रीत नाहीशी होते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि मूळ फाइलशी तिचा मेळ लागत नाही, तेव्हा ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ प्रत ज्या फोनवर घेतली तिथून पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ फाइल देणाऱ्याने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो, फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) त्यात येते. हे नंतर जुळवणं अवघड जातं, पहिल्याच दिवशी हॅश काढून लिहून ठेवा.

आणि मागणी. बहुतेक तक्रारी ‘कठोर कारवाई व्हावी’ इथे संपतात, आणि प्रश्न हरवतो तो इथेच. मागणीचे दोन भाग करा आणि दुसरा पहिल्याइतक्याच ठळकपणे लिहा. टँकरच्या उदाहरणात तो असा येईल: ‘दि. … रोजीच्या सभेत गावाला आठ दिवस टँकर का मिळाला नाही, असा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मिळालेलं नाही. मा. लोकप्रतिनिधींनी आपला खुलासा सादर करताना या प्रश्नाचं लेखी उत्तर त्यात समाविष्ट करावं, असे निर्देश द्यावेत, ही विनंती.’ आयोग असा निर्देश द्यायला बांधील नाही. पण नोटिशीसोबत तक्रारीची प्रत गेली, तर पुढाऱ्याच्या टेबलावर टँकर पुन्हा येतो.